मोठ्यांनी वाचायच्या कुमारकथा: एका महिन्याचा बेत

मे महिन्याची सुट्टी लागली की पुस्तकांच्या दुकानांत एक ठरलेला संवाद ऐकू येतो. ‘सहावीतल्या मुलासाठी काहीतरी चांगलं द्या, संस्कार होतील असं.’ दुकानदार हाताशी असलेली चार पुस्तकं काढून देतो, बिल होतं, पिशवी घरी जाते. जूनमध्ये शाळा सुरू होते तेव्हा त्यातली तीन कोरीच असतात. मग ‘हल्लीची मुलं वाचतच नाहीत’ ही तक्रार वर्षभर पुरते. त्या चारांतलं एकही पुस्तक घरातल्या मोठ्या माणसानेही उघडलेलं नसतं, याची मात्र कुणी दखल घेत नाही.

म्हणून ही सूचना. वर्षातला एक महिना घ्या आणि तेवढा काळ फक्त कुमारांसाठी लिहिलेल्या कथा-कादंबऱ्या वाचा. दहा ते सोळा वर्षांच्या वाचकाला समोर ठेवून लिहिलेल्या. पालक असाल तर वाचाच, शिक्षक असाल तर नक्कीच वाचा, आणि घरात मूल नसेल तरी हरकत नाही. वाचन सुटलेल्या माणसाला परत रुळावर आणायला या पुस्तकांसारखं दुसरं काही नाही. ती लहान असतात, पहिल्या दोन पानांत गोष्ट सुरू होते आणि लेखकाला वाचकाची खुशामत करायला वेळ नसतो. ‘फास्टर फेणे’चं एखादं पुस्तक रात्री जेवल्यावर हातात घेतलं तर झोपायच्या आत हातावेगळं होतं. नोकरी-घर सांभाळून महिन्यात आठ-दहा पुस्तकं आरामात होतात. आठ-दहा पाठोपाठ वाचल्यावर जे ध्यानात येतं, ते वर्षाला एक वाचून कधीच येत नाही.

निवड करताना यादीच्या मागे फार लागू नका. पहिलं पुस्तक तुम्ही स्वतः लहानपणी वाचलेलं घ्या. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ किंवा त्यांचीच ‘चिंगी’, जे आठवत असेल ते. आठवणीतलं पुस्तक आणि हातातलं पुस्तक यांत बरंच अंतर निघतं, आणि ते अंतर आधीच मोजलेलं बरं. नाहीतर आपण मुलांना पुस्तक देत नाही, आपली आठवण देतो. आठवणीत मुलांना शष्प रस नसतो.

दुसरं पुस्तक अलीकडचं असू द्या. इथे बहुतेक पालक अडखळतात, कारण त्यांना साने गुरुजींनंतरचं नाव एकदम सुचत नाही. साहित्य अकादमी २०१० पासून बालसाहित्यासाठी वेगळा पुरस्कार देते. त्या वर्षी मराठीत तो अनिल अवचटांच्या ‘सृष्टीत... गोष्टीत’ला मिळाला. पुढे २०१९ मध्ये सलीम सरदार मुल्ला यांच्या ‘जंगल खजिन्याचा शोध’ला, २०२२ मध्ये संगीता बर्वे यांच्या ‘पियूची वही’ला आणि २०२४ मध्ये भारत सासणे यांच्या ‘समशेर आणि भूतबंगला’ला. सुरुवातीला एवढी नावं पुरेत. पुरस्कार मोठी माणसं मोठ्या माणसांना देतात, मुलांना त्यात मत नसतं, हे ध्यानात ठेवून ही नावं घ्यायची. तरी दारात उभं राहायला ती उपयोगी पडतात.

तिसरं पुस्तक भाषांतरित. शांता शेळके यांनी ‘लिटल विमेन’चं केलेलं ‘चौघीजणी’ अजून तितकंच वाचनीय आहे. सत्यजित राय यांच्या गुप्तहेर फेलूदाच्या कथा अशोक जैन यांनी मराठीत आणल्या. फेलूदा १९६५ मध्ये ‘संदेश’ या बंगाली मुलांच्या मासिकात जन्मला. ते मासिक राय यांच्या आजोबांनी, उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांनी, १९१३ मध्ये काढलं होतं, मध्ये बंद पडलेलं नातवाने १९६१ मध्ये पुन्हा सुरू केलं आणि त्यासाठी मजकूर हवा म्हणून स्वतः लिहू लागला. एवढा मोठा दिग्दर्शक मुलांच्या मासिकासाठी दर वर्षी लिहीत राहिला. मराठीतली मोठी नावं किशोरांसाठी लिहिणं हे सवडीचं काम समजतात, त्यांना ही गोष्ट कुणीतरी सांगायला हवी.

पुढची पुस्तकं आपोआप सुचतात. एकाच लेखकाची सलग चार मात्र वाचू नका. मालिकेतल्या पुस्तकांची गंमत मुलांना पुनरावृत्तीत वाटते, मोठ्यांना तिसऱ्या पुस्तकात साचा दिसायला लागतो आणि आपण उगाच नाक मुरडतो. बनेश ऊर्फ फास्टर फेणे तोंडाने ‘टॉक्’ असा आवाज काढतो तो वाचकाला चौदाव्यांदाही हवा असतो, पण तो वाचक अकरा वर्षांचा असतो.

पुस्तकं मिळवायला खर्च फार नाही. जवळच्या सार्वजनिक वाचनालयात बालविभाग असतो. अनामत आणि महिन्याची वर्गणी भरून स्वतःच्या नावाने सभासद व्हा, मुलाच्या नावाने नको. ग्रंथपाल जरा चमकून पाहतील, पाहू द्या. पुण्यात पुस्तकांच्या दुकानांचा अप्पा बळवंत चौक आहेच. साताऱ्याकडे जाणं झालं तर महाबळेश्वरजवळ भिलारला थांबता येईल. २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे आणि तिथल्या घराघरांत विषयवार पुस्तकं मांडली आहेत. ‘श्यामची आई’ लिहिणाऱ्या साने गुरुजींचं निधन १९५० चं. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे २०११ पासून त्यांची पुस्तकं कुणीही छापू शकतं. ‘श्यामची आई’ इतक्या स्वस्तात आणि इतक्या आवृत्त्यांत मिळते ती म्हणूनच. घेताना छपाई पाहून घ्या. काही स्वस्त आवृत्त्यांत शुद्धलेखनाची पार वाट लागलेली असते, आणि काही संक्षिप्त असूनही मुखपृष्ठावर तसं लिहिलेलं नसतं. सगळ्यात सोपी गोष्ट म्हणजे ‘किशोर’. बालभारतीचं हे मासिक १९७१ च्या नोव्हेंबरात सुरू झालं आणि त्याचे जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर मोफत वाचायला ठेवले आहेत. दुबईत, न्यू जर्सीत किंवा इंदूरमध्ये राहणाऱ्या मराठी घरांना तर याहून सोयीचं काही नाही. आजोबांनी व्हिडिओ कॉलवर रोज एक गोष्ट वाचून दाखवली तरी महिना भरतो.

आता वाचायचं कसं. पेन्सिल घेऊन बसू नका. ‘यातून काय शिकायला मिळतं’ हा प्रश्न महिनाभर बाजूला ठेवा. हे वाटतं तितकं सोपं नाही, कारण तो प्रश्न आपल्या हाडीमाशी खिळला आहे. मराठीत मुलांसाठी छापील गोष्टी आल्या त्याच बोधासाठी. १८२८ च्या सुमारास सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी ‘बाळमित्र’ आणि इसापाच्या नीतिकथा मराठीत आणल्या, आणि तेव्हापासून गोष्ट संपली की ‘तात्पर्य’ असा एक शब्द आणि त्यापुढे एक वाक्य, ही घडी बसली. जवळपास दोनशे वर्षं झाली. आपण सगळे त्याच घडीत वाढलो. त्यामुळे गोष्ट संपताक्षणी मनात तात्पर्याचं वाक्य तयार होऊ लागतं. होऊ द्या, पण त्याच्याकडे लक्ष देऊ नका. गोष्टीत काय घडलं, कुणी कुणाला काय सांगितलं नाही, भीती कुठे वाटली, हसू कुठे आलं, एवढंच पाहा.

शक्य असेल तर एक पुस्तक मोठ्याने वाचा. घरी कुणी ऐकायला असेल तर उत्तमच, नसेल तर स्वतःशी. मुलांसाठीच्या लेखनाची ही खरी कसोटी आहे. लेखकाने मुलांच्या तोंडी घातलेली वाक्यं जिभेवर आणली की ती बोलली गेलेली आहेत की टेबलापाशी बसून रचलेली, हे लगेच कळतं. ‘अरे मित्रा, आपण पर्यावरणाचे रक्षण केले पाहिजे’ असं वाक्य डोळ्यांनी वाचताना खपून जातं. मोठ्याने वाचून पाहा, आपलीच जीभ लाजते. दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे मुळात आकाशवाणीसाठी लिहिला गेला, आणि ते त्याच्या वाक्यावाक्यात ऐकू येतं. ती पुस्तकं वाचताना श्वास कुठे घ्यायचा हे शोधावं लागत नाही.

शेजारी एक वही असू द्या. प्रत्येक पुस्तकासाठी तीन-चार ओळी, त्याहून जास्त नाही. कथासार लिहू नका, ते मागच्या कव्हरवर असतं. लक्षात राहिलेलं एक दृश्य लिहा, खटकलेली एक गोष्ट लिहा, आणि हे पुस्तक ओळखीतल्या कुठल्या मुलाला किंवा मुलीला द्यावंसं वाटलं, त्याचं नाव लिहा. ‘सर्व मुलांसाठी उपयुक्त’ असं लिहायचं नाही. पुस्तक कुणा एकालाच द्यायचं असतं.

वाचताना एक प्रश्न मात्र जवळ बाळगा. त्याचं उत्तर प्रत्येक पुस्तकात वेगळं निघतं आणि त्यातूनच कुमारकथेची कळ सापडते. या गोष्टीत मोठी माणसं कुठे आहेत?

बनेश फेणे फुरसुंगीचा, शिकायला पुण्यात विद्याभवनात. आईवडील गावी. फुरसुंगी आज पुण्याच्या पसाऱ्यात मिसळून गेलं आहे, पण तेव्हा ते शहराबाहेरचं गाव होतं आणि त्या अंतरातच बन्याच्या साऱ्या साहसांना जागा मिळाली. गोट्या पोरका, दुसऱ्यांच्या घरात वाढणारा. प्रकाश नारायण संतांचा लंपन आईबाबांपासून दूर, आजी-आजोबांकडे. अरुण साधूंचा झिपऱ्या मुंबईच्या लोकलच्या फलाटांवर बूटपॉलिश करणारा. फेलूदाच्या कथांत तोपसे आपल्या या चुलतभावाबरोबर, फेलूदाबरोबर, गावोगाव हिंडतो, वडील पहिल्या काही पानांत परवानगी देतात आणि अदृश्य होतात. मिलिंद बोकीलांच्या ‘शाळा’त आईवडील घरी आहेत, पण मुकुंद जोशी आणि त्याचे मित्र जिथे खरे जगतात ती जागा एक अर्धवट बांधकाम झालेली इमारत आहे, आणि तिथे कुणी मोठं येत नाही.

म्हणजे काय? लेखकाला आधी मोठ्यांना वाटेतून दूर करावं लागतं. ते घरात असतील तर प्रश्न तेच सोडवतील, पोलिसांना फोन तेच करतील, आणि मुलाला करायला काही उरणार नाही. चांगली कुमारकथा मुलाच्या हातात खराखुरा निर्णय देते. फसलेली कुमारकथा शेवटच्या प्रकरणात एखाद्या काकांना, गुरुजींना किंवा कलेक्टरसाहेबांना आणते, ते मुलांच्या पाठीवर थाप मारतात आणि दोन पानांचं भाषण देतात. असं पुस्तक हाती आलं तर शेवटचं प्रकरण झाकून वाचा. बहुतेक वेळा गोष्ट आधीच संपलेली असते.

मग ‘श्यामची आई’चं काय, असं कुणीही विचारेल. तिथे तर आईच सगळीकडे आहे. म्हणूनच ते पुस्तक मोठेपणी पुन्हा वाचायला हवं. गुरुजींनी ते १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिलं. ४२ रात्रींचं, म्हणजे ४२ प्रकरणांचं पुस्तक, त्यामुळे रोज एक म्हटलं तर महिन्यात बसत नाही, अधूनमधून दोन रात्री एकदम कराव्या लागतात. चित्रपटामुळे, पाठ्यपुस्तकांतल्या धड्यांमुळे आपल्या मनात त्याची एक ओलीचिंब प्रतिमा झाली आहे. पुस्तक त्याहून कडक आहे. पोहायला घाबरून लपून बसलेल्या श्यामला आई शिंपटीने फोडून काढते आणि विहिरीवर पाठवते. नंतर त्याच्या अंगावरचे वळ पाहून तिलाच रडू येतं, पण आपल्या मुलाला कुणी भित्रा म्हटलेलं तिला चालणार नाही. आजचा पालक हे वाचून दचकतो. दचकायला हरकत नाही. मुलं दचकत नाहीत, ती विचारतात, ‘मग तो पोहला का?’ शिवाय हे सगळं सांगणारा श्याम मोठा झालेला आहे, आश्रमातल्या मित्रांना रात्री प्रार्थनेनंतर तो आठवणी सांगतो, आणि ज्या आईबद्दल सांगतो ती केव्हाच गेलेली आहे. शिक्षणासाठी लांब असलेल्या श्यामला तिची शेवटची भेटही मिळाली नाही. इतकी सर्वत्र असलेली आई प्रत्यक्षात नाहीच. मोठं माणूस वाटेतून दूर झालेलं याहून वेगळं उदाहरण मराठीत मला तरी ठाऊक नाही.

याच पुस्तकात आणखी एक प्रसंग आहे, तो जुनी पुस्तकं वाचणाऱ्या प्रत्येकाने नीट पाहावा. उन्हात लाकडाची मोळी घेऊन चाललेली एक म्हातारी महार बाई दमून बसली आहे, मोळी पुन्हा डोक्यावर चढत नाही. आई श्यामला सांगते, जा, तिला मोळी उचलून दे. आणि मग घरी येऊन आंघोळ कर. त्या काळात, त्या गावात, त्या घरात पहिलं वाक्य हे धैर्य होतं. आज सातवीतली मुलगी दुसऱ्या वाक्यापाशी थांबते आणि विचारते, आंघोळ कशाला?

अशा वेळी काय करायचं? पान उलटायचं नाही. ‘तेव्हा तसं होतं’ म्हणून विषय मिटवायचा नाही आणि पुस्तकच कपाटात ठेवायचंही नाही. प्रश्न बरोबर आहे हे आधी मान्य करायचं. मग शिवाशीव म्हणजे काय, ती कोण पाळत असे, आपल्या घरात कुणी पाळत होतं का, आज ती कुठल्या रूपात उरली आहे, हे बोलायचं. ते बोलणं पुस्तकापेक्षा जास्त वेळ चालेल, चालू द्या. जुन्या पुस्तकांत मुलींची कामंही अशीच डोळ्यांत येतात. मुलगे गुहेत शिरतात, मुली डबा भरून देतात. ‘चिंगी’सारखे अपवाद आहेत, पण मराठी कुमारकथेचा बराचसा कारभार मुलग्यांच्या हाती राहिला, हे महिनाभर वाचल्यावर कुणालाही दिसेल. म्हणून तुमच्या आठ-दहांत निदान तीन पुस्तकं अशी ठेवा की ज्यांत मुलगी गोष्ट पुढे नेते. शोधायला थोडा त्रास पडेल. त्या त्रासाचीही वहीत नोंद करा.

फेलूदा चारमिनार ओढतो, हेही मी आधीच सांगून ठेवते. दोन पालकांनी तेवढ्यावरून पुस्तक परत केल्याचं एका ग्रंथपालांकडून ऐकलं आहे. मला विचाराल तर मुलं फेलूदाकडून निरीक्षण उचलतात, सिगारेट नाही. ती उचलायला त्यांना पुस्तकाची गरज नसते, कोपऱ्यावरची टपरी पुरते.

महिन्याच्या मध्यावर एक अवघड जागा येईल. काही पुस्तकांच्या मध्यभागी मूल असतं, पण ती मुलांसाठी लिहिलेली नसतात. संतांचं ‘वनवास’ आणि त्यापुढची तीन लंपनची पुस्तकं, जी. ए. कुलकर्णींचं ‘बखर बिम्मची’, ‘शाळा’, ‘झिपऱ्या’. ही कुमारकथा म्हणायची का? वाचनालयांत ती मोठ्यांच्या कपाटात असतात. लंपनला सगळं मॅडसारखं वाटतं, तो आकडे वाटेल तसे फुगवतो, त्याच्या मराठीला सीमाभागातल्या कानडीचा वास आहे आणि त्याला आवडणारी सुमी समोर आली की त्याच्या पोटात काहीतरी होतं. लंपन जे बोलतो ते बारा वर्षांच्या वाचकाला नीट कळतं. लंपन जे बोलत नाही ते कळायला थोडं वय वाढावं लागतं. पण म्हणून थांबवून ठेवायचं कारण नाही. अर्धं कळलेलं पुस्तक मुलं विसरत नाहीत, उरलेलं अर्धं घ्यायला ती पुन्हा येतात. ‘शाळा’बद्दल पालक जास्त बिचकतात, कारण नववीतल्या मुलाला मुलगी आवडते आणि त्या पुस्तकात तेच आहे. त्यात आणीबाणीही आहे, शाळेतल्या शिक्षकांची एक अख्खी जत्रा आहे, मित्रांची भाषा आहे, ती कुणी पाहत नाही. आधी तुम्ही वाचा. वाचून झाल्यावर बहुधा तुम्ही ते लपवणार नाही. लपवलंत तर कुठे लपवलं आहे ते मुलांना ठाऊक असतंच.

विज्ञानकथा अनेक पालक आपल्याला झेपणार नाही म्हणून टाळतात. जयंत नारळीकरांचा ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह घ्या आणि ती भीती घालवा. एवढंच.

चित्रपट आणि मालिका आधी पाहाव्या की पुस्तक आधी वाचावं, यावर घरोघर वाद होतात. २०१७ च्या चित्रपटातला फास्टर फेणे हा मोठा झालेला तरुण आहे, पुस्तकातला शाळकरी पोरगा नव्हे. त्यामुळे तिथे एकाने दुसऱ्याची गोडी जात नाही. इतर ठिकाणी जे आधी हाती लागेल ते आधी.

आता ज्यासाठी बहुतेकांनी हा लेख वाचायला घेतला असेल ती गोष्ट. महिना संपला, वही भरली, आता मुलाला पुस्तक द्यायचं. कसं द्यायचं?

देऊ नका. निदान हातात ठेवून ‘हे वाच’ म्हणू नका. तुम्ही महिनाभर घरात कुमारकथा वाचत होता, तेवढ्याने अर्धं काम झालेलं असतं. आई सोफ्यावर लोळून भूतबंगल्याचं पुस्तक वाचते आहे आणि हाक मारली तरी उठत नाही, हे दृश्य दहा वर्षांच्या मुलाला विचारात पाडतं. एखाद्या संध्याकाळी पहिलं प्रकरण मोठ्याने वाचून दाखवा आणि रंगात आलेलं असताना थांबा. ‘उद्या’ म्हणा. पुस्तक तिथेच राहू द्या. काही मुलं रात्रीच पुढचं वाचून टाकतात, काही खरंच उद्याची वाट पाहतात, आणि काहींना दोन्हीतलं काही वाटत नाही. तिसऱ्या प्रकारच्या मुलाला दुसरं पुस्तक लागेल, एवढाच त्याचा अर्थ.

वाचलं तर ‘काय शिकलास?’ विचारू नका. ‘कुठपर्यंत आलास?’ विचारा. ‘तो माणूस खरा चोर होता असं तुला कधी वाटलं?’ असं विचारा, कारण ते तुम्हालाही खरंच जाणून घ्यायचं आहे. इथे तुमचा महिना कामी येतो. न वाचलेला माणूस फक्त परीक्षकाचे प्रश्न विचारू शकतो. वाचलेला माणूस गप्पा मारू शकतो, आणि दोन्हीतला फरक मुलं अर्ध्या मिनिटात ओळखतात.

पुस्तक अर्धवट सोडायची मुभा द्या. तेच पुस्तक पाचव्यांदा वाचायचीही द्या. आठवीतला मुलगा चौथीचं पुस्तक काढून बसला तर टोमणा मारू नका, आजारपणात आपणही मऊ भातच मागतो. आणि ‘आमच्या वेळी आम्ही कंदिलाच्या उजेडात वाचायचो’ हे वाक्य कृपा करून वापरू नका. वाक्य खरं असलं तरी.

शिक्षकांसाठी वेगळं थोडं सांगायचं आहे. १५ ऑक्टोबरला, डॉ. अब्दुल कलामांच्या जयंतीला, शाळांत वाचन प्रेरणा दिन होतो. फोटो निघतात, अहवाल जातो, १६ तारखेला ग्रंथालयाच्या कपाटाला पुन्हा कुलूप. एका दिवसाने कुणाला वाचायची सवय लागत नाही. त्यापेक्षा आठवड्यातला एक ऑफ तास घ्या, स्वतः खुर्चीत बसून आपलं कुमारकथेचं पुस्तक वाचा आणि मुलांना आपापलं वाचू द्या. त्यावर प्रश्न नाहीत, गुण नाहीत, पुस्तक परीक्षण लिहून आणायचं नाही. पहिले दोन आठवडे गोंधळ होईल, शेजारच्या वर्गातून तक्रार येईल. तिसऱ्या आठवड्यापासून काही डोकी पुस्तकात खाली गेलेली दिसू लागतील. सगळी जाणार नाहीत. कुलूप मात्र काढून ठेवा, पुस्तकं फाटली तर फाटू देत. कपाटात वाळवी लागण्यापेक्षा ते बरं.

शेवटी वहीचं काय करायचं, ते. मान्यताप्राप्त सार्वजनिक वाचनालयांना शासनाचं अनुदान मिळतं आणि त्यातला काही भाग दर वर्षी पुस्तकखरेदीवर जातो. बालविभागासाठी काय घ्यायचं हे अनेक ठिकाणी विक्रेत्याच्या गठ्ठ्यावरून ठरतं, कारण सभासदांकडून त्या विभागासाठी मागणीच येत नाही. मुलं मागणी लिहीत नाहीत आणि मोठ्यांनी ती पुस्तकं वाचलेली नसतात. तुम्ही आता वाचली आहेत. वहीतली तीन नावं निवडा, लेखक आणि प्रकाशकासह एका कागदावर लिहा आणि पुढच्या खरेदीच्या आत तो कागद तुमच्या ग्रंथपालांच्या हातात द्या.